कॅम्परचा हीटर रात्री बंद का पडतो? बॅटरी आणि व्होल्टेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या आमच्या वर्कशॉपवर वर्षातले आठ-नऊ महिने हीटरचं कोणी नावही काढत नाही. दिवाळी सरली, ज्वारी हुरड्यावर आली की फोन सुरू होतात. निम्मे फोन मध्यरात्रीनंतरचे, आणि बहुतेकांचं सुरुवातीचं वाक्य एकच: "हीटर खराब निघाला." तो खराब क्वचितच निघतो. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. गाडीमागे ओढायचा ट्रेलर, टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर आणि जुन्या मिनीबसमध्ये थाटलेलं घर, तिन्हींना ती लागू आहेत.

१. मराठवाड्यात हीटर कशाला? इथं तर एसी लागतो.

मे महिन्यात हे विचारलंत तर मान्य. पण परभणीकडे कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि उघड्या माळावर रात्रभर उभी असलेली पत्र्याची गाडी घरापेक्षा कितीतरी लवकर गार पडते. नाथसागराच्या काठावर पक्षी बघायला थांबणारे, म्हैसमाळला मुक्काम करणारे हे चांगलं जाणतात. शिवाय २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून गाड्या बांधून घेणारे वाढले, आणि त्यातल्या अर्ध्यांना पहिल्याच वर्षी स्पीती नाहीतर लडाख गाठायचं असतं.

२. आमचा हीटर डिझेलवर चालतो, मित्राचा गॅसवर. मग बॅटरीचा संबंध काय?

ऊब इंधनातून येते, बाकी सगळं बॅटरीतून. डिझेल हीटरमध्ये हवा ढकलणारा पंखा, टिक-टिक करत थेंब-थेंब डिझेल सोडणारा पंप आणि सुरुवातीला लाल होऊन डिझेल पेटवणारा ग्लो प्लग, हे तिन्ही १२ व्होल्टवर चालतात. ग्लो प्लग चालू असतो त्या तीन-चार मिनिटांत हीटर ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा ज्योत धरली की एक-दोन अँपिअरवर येतो. गॅसच्या हीटरचं उलटं असतं. पेटवायला ठिणगी पुरते, पण पंखा मोठा असल्यामुळे चालू असेपर्यंत ७ ते १० अँपिअर जातच राहतात.

म्हणून डिझेलवाल्यांची तक्रार बहुधा "सुरूच होत नाही" अशी असते आणि गॅसवाल्यांची "पहाटे बंद पडला" अशी. कोणती तक्रार आहे एवढं ऐकलं तरी आम्हाला अर्धा अंदाज येतो.

३. बॅटरीवर मीटर लावला तर १२.४ दाखवतो, हीटर मात्र 'लो व्होल्टेज' म्हणतो. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. तुम्ही बसलेल्या बैलाची ताकद मोजताय, हीटर गाडी ओढणाऱ्या बैलाची. काहीही चालू नसताना बॅटरीवर दिसणारा आकडा लोडवर टिकेलच असं नाही. आणि हीटरला बॅटरीचं व्होल्टेज कळतच नाही. त्याच्या स्वतःच्या प्लगपर्यंत जेवढं पोचतं तेवढंच त्याला कळतं.

पन्नास-शंभर मीटर बघितले असतील मी अशा तक्रारीत, आणि दर वेळी मोजायची पद्धत एकच सांगतो. घरात बसूनही करता येते, साधा डिजिटल मीटर पुरतो.

आधी हीटर बंद असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मोजा. वायरच्या क्लॅम्पवर मोजू नका, खुद्द खुंटीवर मोजा. मग हीटर सुरू करायला दुसऱ्याला सांगा आणि पहिल्या दोन मिनिटांत तिथेच पुन्हा मोजा. तिसरं मोजमाप त्याच दोन मिनिटांत हीटरच्या प्लगवर. प्लग काढायचा नाही, मागच्या बाजूने वायरीलगत टाचणी सरकवून टाचणीला मीटर टेकवायचा. दोन्ही टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर फ्यूज जाईल आणि मला फोन येईल.

लोडवर खुंटीवरच ११.५ च्या खाली गेलं तर बॅटरी रिकामी आहे किंवा म्हातारी झाली आहे. प्रश्न ४, ९ आणि ११ वाचा. खुंटीवर १२.२ टिकलं आणि प्लगवर १०.८ आलं तर बॅटरीला हात लावू नका, दोष मधल्या रस्त्यात आहे. प्रश्न ७ आणि ८ वाचा. दोन्हीकडे १२ च्या वर आहे आणि तरी हीटर चालत नाही, तर सरळ प्रश्न १८ वर जा.

४. नुसत्या आकड्यावरून किती बॅटरी उरली ते कळतं का?

कळतं, पण बॅटरी तीन-चार तास शांत असेल तरच. चार्जर बंद, सोलर बंद, लोड बंद. साध्या ॲसिडच्या बॅटरीला १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळ दिसू लागला, ११.८ म्हणजे संपली. बघा, भरलेली आणि संपलेली यांत एका व्होल्टचाही फरक नाही. म्हणूनच दहा दिव्यांपैकी सात पेटले म्हणजे सत्तर टक्के, असले पॅनेलवरचे दिवे मी मानत नाही.

चार्जर काढल्या काढल्या १३ च्या वर दिसतं, ते वरवरचं असतं. आतले दिवे पाच-दहा मिनिटं लावून ठेवा, मग खरा आकडा बाहेर येतो.

पाणी टाकायची बॅटरी असेल तर ग्रॅव्हिटी काढणं, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणं, सगळ्यात भरवशाचं. बॅटरीवाले "बाराशे चाळीस" म्हणतात ते १.२४०. ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती) भरलेली असताना साधारण १.२२० ते १.२४० दाखवते, गाडीची बॅटरी त्याहून थोडी वर. कंपनीने लेबलवर दिलेला आकडा धरा. सहापैकी पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली असेल तर तो सेल बसला. मग कितीही चार्ज करा, ती बॅटरी लोडवर मान टाकणारच.

लिथियमला यातलं काहीच लागू नाही, त्यासाठी प्रश्न १७.

५. गॅसच्या हीटरचा पंखा फिरतो, थंडगार हवा येते, पण गॅस पेटतच नाही. गॅसवाल्याला बोलवू का?

आधी बॅटरी बघा. बाहेरून आणलेल्या किंवा त्याच धर्तीवर बांधलेल्या ट्रेलरमध्ये हा हीटर असतो, आणि त्याची कामाची पायरी ठरलेली असते. थर्मोस्टॅटने सांगितलं की पंखा सुरू होतो. पंख्याच्या वाऱ्याने आतलं एक पातळ पातं ढकललं जातं आणि स्विच दाबला जातो. तो दाबला गेला तरच कार्ड, म्हणजे हीटरचं सर्किट बोर्ड, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं आणि ठिणगी पाडतं. या स्विचला सेल स्विच म्हणतात. बॅटरीच्या सेलशी त्याचं काही नातं नाही, हा सेल म्हणजे शिडाच्या होडीचं शीड.

व्होल्टेज पडलं की पंखा फिरतो, पण मंद. कानाला फरक कळत नाही, पात्याला कळतो. वारा कमी पडला, स्विच दाबला गेला नाही, गॅस उघडला नाही. हीटरने जे करायला हवं तेच केलं, कारण वारा नसताना गॅस पेटला तर आतली भट्टी जळेल.

तपासायची सोपी युक्ती: ओढणाऱ्या गाडीतून जाड जंपर केबल लावून गाडी सुरू करा, किंवा चार्जर लावा. व्होल्टेज १३ च्या वर गेलं आणि भस्सकन पेटला, तर निकाल लागला. १३ वरही पेटला नाही तर मात्र पात्यावर धूळ-केस अडकलेत का ते बघा, सिलिंडर तपासा, आणि मग गॅसवाला. स्विचला वायरचा तुकडा लावून कायमचा 'डायरेक्ट' करून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका.

६. डिझेल हीटर दोनदा घुरघुरतो, पांढरा धूर सोडतो आणि कोड दाखवून बंद होतो. पुन्हा पुन्हा बटण दाबू का?

नको. ग्लो प्लग पुरेसा लाल झाला नाही, पण पंपाने डिझेल मात्र सोडलं. ते न जळता आत साचतं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला ते एकदम पेटलं तर धुराचा लोट येतो, काजळी धरते, आणि बरेच हीटर ठरावीक वेळा फसल्यावर स्वतःला कुलूप लावून घेतात. ते कसं उघडायचं ते पुस्तिकेत असतं. कोडचंही तसंच, एकाचा ई-१ म्हणजे दुसऱ्याचा ई-१ नव्हे, तेव्हा मला कोडचा फोटो पाठवताना हीटरच्या लेबलचाही पाठवा.

१२ व्होल्टचे बहुतेक हीटर साधारण १०.५ च्या आसपास आले की स्वतःला बंद करतात. बॅटरी १२.० वर, त्यात ग्लो प्लगचे १० अँपिअर, त्यात बारीक वायर, एवढ्यावर १०.५ गाठायला वेळ लागत नाही. प्रश्न ३ मधली मोजणी करा. तातडीने ऊब हवी असेल तर इंजिन सुरू ठेवून हीटर पेटवा. एकदा ज्योत धरली की इंजिन बंद केलं तरी चालतो.

७. वायर किती जाड हवी? आमच्या मिस्त्रीने २.५ ची टाकली आहे.

घरातल्या प्लगला २.५ चौरस मिलिमीटर भरपूर झाली. २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. इथे मुळात १२ आहेत आणि १०.५ ला खेळ खलास, म्हणजे हातात दीडच व्होल्ट.

हिशेब करू. बॅटरी पुढे, हीटर मागे, अंतर पाच मीटर. करंट जातो आणि येतो, म्हणून वायर दहा मीटर धरायची. २.५ च्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साडेसात मिलिओहम धरले तर दहा मीटरला ०.०७५ ओहम. १० अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. त्याच जागी ६ ची वायर टाकली तर पाव ते एक-तृतीयांश व्होल्ट जातो, १० ची टाकली तर ०.२. आम्ही पाच मीटरपर्यंत ६ टाकतो, त्यापुढे १०. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरीच हीटरजवळ आणा. हीटरसोबत आलेली वायर कापून दिव्यांच्या लाइनला जोडू नका, ती थेट बॅटरीवर जायला हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला.

वायर जाड असूनही व्होल्टेज पडत असेल तर फ्यूजची डबी उघडून बघा. गेल्या हिवाळ्यात एकाने पाठवलेल्या फोटोत फ्यूज शाबूत होता, पण डबीचं प्लॅस्टिक एका बाजूने चॉकलेटसारखं वाकलेलं होतं आणि पाती निळसर-काळी पडली होती. सैल डबी म्हणजे छोटा हीटरच, फक्त ऊब चुकीच्या जागी. पक्कड दाबून बसवलेले थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे जोड, तेही तसेच. थिंबल क्रिंपिंगच्या हत्यारानेच दाबायचे.

८. अर्थ (निगेटिव्ह) चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, दिला तर चालतो ना?

चालतो, पण माझा चालला नव्हता. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ट्रेलर घेऊन गेलो होतो. पहाटे तीनला हीटर बंद. बाहेर घोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या शेकोट्या पेटलेल्या, आणि आत मी तीन घोंगड्यांखाली. बॅटरी महिन्यापूर्वीचीच. परत आल्यावर दुकानदाराशी कडाकडा भांडलो. त्या भल्या माणसाने माझ्यासमोर लोड टेस्टर लावला, बॅटरी ठणठणीत. मग मी ट्रेलरखाली शिरलो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं हीटरच्या काळ्या वायरीवर, हीटर पेटताना: १.३ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं होतं. चासी रंगवताना बोल्टखालीही रंग गेला होता, आणि रंगवून घेतली होती मीच.

तेव्हा जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, दातेरी वॉशर टाका, थिंबल कसा आणि वरून ग्रीस लावा. ट्रेलरला तर मी आता निगेटिव्हची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंतच नेतो. बॅटरीच्या खुंटीवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसा आणि पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.

९. संध्याकाळी मस्त चालतो, रात्री दोन-तीनला बंद पडतो.

मग तो जमाखर्चाचा प्रश्न आहे. १०० एएच (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) ॲसिडच्या बॅटरीतून नेहमी वापरायचे ते ५०. जास्त काढलेत तर आयुष्य झपाट्याने घटतं. आता खर्च बघा. डिझेल हीटर आठ तासांचे १० ते १७ खातो. गॅसच्या हीटरचा ८ अँपिअरचा पंखा रात्रीतला चाळीस टक्के वेळ फिरला तरी २५ च्या आसपास. दिवे आणि पाण्याचा पंप मिळून पाच. १२ व्होल्टचा फ्रिज रात्रीचे वीसेक. आणि सगळ्यात चोर म्हणजे इन्व्हर्टर. मोबाइल चार्ज करायला लावला आणि चालू राहिला, तर काहीही न चालवता तो तासाला अर्धा-पाऊण अँपिअर खातो, दिवसाला १५. मोबाइल १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर लावा आणि इन्व्हर्टर बंद ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. लडाखच्या हिशेबाने ५ किलोवॉटचा हीटर बसवलेला असतो आणि आपल्याकडची थंडी असते दहा अंशांची. हीटर पंधरा मिनिटांत गाडी तापवतो, बंद होतो, थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. प्रत्येक पेटण्याला ग्लो प्लगचे मिळून अर्धा ते पाऊण एएच जातात. रात्रीतून दहा वेळा पेटला तर तेवढ्यातच सहा-सात गेले. तो मंद ज्योतीवर सलग चालेल असं ठेवा, खिडकी बोटभर उघडी ठेवा. लहान कॅम्परला २ किलोवॉट पुरतो. विकणारा ५ चाच घ्या म्हणेल.

१०. त्यापेक्षा घरचा रूम हीटर इन्व्हर्टरवर लावला तर?

हजार वॉटचा हीटर म्हणजे १२ व्होल्टवर ८३ अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरून ९५ च्या घरात. १०० एएचची बॅटरी तासभरही टिकणार नाही. घोंगडी घ्या. आणि कोळशाची शेगडी बंद गाडीत अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. डिझेल किंवा गॅसचा हीटर असला तरी त्याचा धूर पाइपने बाहेर जातोय ना हे बघा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

११. बॅटरी दीडच वर्षाची आहे. थंडीत का दगा देते?

ती मरते उन्हाळ्यात, आपल्याला कळतं हिवाळ्यात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे असतो, बंद गाडीच्या पेटीत त्याहून जास्त. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, आतली जाळी गंजते. त्यात चार्जर तोच १४.४ देत राहतो. खरं तर २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज साधारण २४ मिलिव्होल्टने उतरवायला हवं. म्हणजे ४५ अंशांना अर्धा व्होल्ट कमी, १३.९ च्या आसपास. चार्जरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो पेटीत नाही, बॅटरीच्या अंगाला चिकटवा.

दुसरं कारण म्हणजे पडून राहणं. होळीनंतर गाडी शेडमध्ये जाते ती थेट दिवाळीत निघते. अर्धवट चार्ज बॅटरी महिनोन्‌महिने उभी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. महिन्यातून एकदा पूर्ण भरा, डिस्टिल्ड पाणी बघा. बोअरचं पाणी टाकून वर "क्षार असतात, ताकद येते" असं सांगणारा एक जण मला भेटला आहे.

थंडीचाही वाटा आहेच, शून्य अंशाला ॲसिडच्या बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. पण आपल्या दहा अंशांत तेवढं बिघडत नाही.

१२. रात्रभर घरच्या लाइनवर चार्जर लावतो, तरी सकाळी बॅटरी अर्धीच.

गाव कुठलं? तालुक्याच्या गावाबाहेर, शेतातल्या घरी असाल तर आधी लाइनचं व्होल्टेज मोजा. रब्बीत हरभऱ्याला, उसाला रात्रीची पाण्याची पाळी असते. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो. ट्रान्स्फॉर्मरवाला जुना, जड चार्जर अशा वेळी १७० व्होल्टवर नावालाच चालतो. लाइन उतरली त्या प्रमाणात त्याचं आउटपुट उतरतं, आणि १३ च्या खाली बॅटरी भरत नाही. १०० ते २४० असं लिहिलेला हलका इलेक्ट्रॉनिक चार्जर त्याच लाइनवर पूर्ण चार्ज देतो.

चार्जर चालू असताना बॅटरीवर मोजा. काही तासांनी १४.२ च्या पुढे पोचत नसेल तर चार्जर लहान आहे, लाइन उतरलेली आहे किंवा एखादा सेल बसला आहे.

१३. नांदेडहून निघालो, दिवसभर गाडी चालवली, तरी ट्रेलरची बॅटरी भरली नाही.

गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचा डायनॅमो, गाडीची बॅटरी भरायला असतो. ट्रेलरपर्यंत पोचणारी चार्जिंगची वायर सात-आठ मीटर लांब, हुकाजवळच्या प्लगच्या बारीक पिनांतून जाते. पुढे १४ असले तरी मागे १३ येतात, आणि १३ वर बॅटरी दिवसभरातही भरत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर तर हुशार असतो. बॅटरी भरली असं वाटलं की इंधन वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो. साधा रिले लावून भागत नाही. ट्रेलरच्या बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर लावा, तो आलेलं १२-१३ वर चढवून हवं तेवढं देतो. त्याला जाणारी वायरही प्रश्न ७ च्या हिशेबाने जाड हवी.

१४. छतावर १०० वॉटचा सोलर आहे, तो पुरेल का?

आपल्याकडच्या स्वच्छ हिवाळी उन्हात दिवसाला २५ एएचच्या आसपास धरा. डिझेल हीटर आणि दिव्यांना पुरेल, फ्रिज लावला की नाही. मात्र पॅनेल पुसा. गाळप हंगामात साखर कारखान्याजवळ गाडी उभी केली तर चिमणीची काजळी दोन दिवसांत बोटाला लागेल एवढी बसते. आणि सावलीसाठी चिंचेखाली गाडी लावून "सोलर चार्ज करत नाही" असं मला कळवू नका.

१५. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर उचलून ठेवली तर चालेल?

हीटरला चालेल, तुमच्या पाठीला नाही. पन्नास-साठ किलोची असते. ती उभीच ठेवावी लागते, घाटातल्या वळणांवर कलंडली तर ॲसिड सांडतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. म्हणून झोपायच्या जागेत नको, बाहेरून हवा लागणारी पेटी हवी, पट्ट्याने घट्ट बांधलेली. आणि घरात "आता बॅकअप देत नाही" म्हणून काढलेली बॅटरी गाडीत आणून उपयोग काय?

१६. सकाळी निघायची घाई असते. मेन स्विच पाडून हीटर बंद केला तर?

डिझेल हीटरला हे विष आहे. बटणाने बंद केल्यावर तो तीन-पाच मिनिटं पंखा फिरवत भट्टी थंड करतो, उरलेलं डिझेल जाळतो. वीज एकदम तोडली की आतली उष्णता जागीच कोंडते. सेन्सर, पंखा, कार्ड भाजून निघतं. बॅटरी रात्री संपून हीटर आपोआप मेला तरी तेच होतं. म्हणूनच हीटर १०.५ पर्यंत ताणायचा नाही. १२.० दिसलं की स्वतः उठून बंद करा.

१७. लिथियम बॅटरी १३ दाखवत होती आणि क्षणात शून्य. चोरी झाली का?

बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटने, वीज तोडली. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं पडतं. व्होल्टमीटर बघून तिचा अंदाज येत नाही. येणारे-जाणारे अँपिअर मोजणारा शंट मीटर लावा. ती जागी करायला लिथियमचा चार्जर किंवा सोलर जोडा.

लडाखवाल्यांसाठी: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, वापरली तर चालते. चांगला बीएमएस चार्जिंग स्वतःच थांबवतो, मग "सोलर आहे, ऊन आहे, तरी चार्ज नाही" असं वाटतं. बॅटरी गाडीच्या आत, हीटरच्या उबेत ठेवली की प्रश्न मिटतो.

१८. प्लगवर १२.५ आहे, वायर जाड आहे, अर्थ चकचकीत आहे. तरी पेटत नाही.

मग व्होल्टेजचा पिच्छा सोडा. आमच्याकडचं पहिलं कारण: कुंभारीण माशी. उन्हाळा-पावसाळ्यात गाडी उभी असताना ती हवेच्या किंवा धुराच्या पाइपात मातीचं घर बांधते. हीटर पेटतो, गुदमरतो, बंद होतो. लक्षणं हुबेहूब लो व्होल्टेजची. तारेने साफ करा आणि गाडी ठेवताना पाइपांना जाळीचं बूच लावा. फक्त हिवाळ्यात बूच काढायला विसरू नका.

दुसरं, डिझेलच्या नळीत हवा किंवा टाकीत तळाशी पाणी. तिसरं, उंचावरची थंडी. साधं डिझेल कडाक्यात गोठू लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते यासाठीच. इथून भरून नेलेल्या डिझेलवर तिथे भरवसा ठेवू नका. गॅसवाल्यांनाही सुटका नाही. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसात ब्यूटेन असतो आणि तो शून्याच्या जवळ आला की वायू व्हायचं नाव घेत नाही. सिलिंडर हलवला तर गॅस आहे, शेगडी मात्र मिणमिणते.

१९. आमची गाडी जुन्या बसवर बांधली आहे, २४ व्होल्टची. हीटर १२ चा, म्हणून दोनपैकी एका बॅटरीवरून घेतलाय. पहिले सहा महिने ठीक होतं.

सहा महिने टिकलं हेच नवल. दोन बॅटऱ्या मालिकेत आहेत आणि हीटर त्यातल्या खालच्या एकीलाच पितो. अल्टरनेटरला दोघींची बेरीज तेवढी दिसते, २८. ती बरोबर दिसली की तो खूश. प्रत्यक्षात एकीवर १३.२ आणि दुसरीवर १४.८; एक कायम उपाशी, दुसरी कायम उकळती. आधी खालची लो व्होल्टेज देते, तुम्ही ती एकटीच बदलता, मग वरची पाणी पिऊन पिऊन जाते. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, ०.३ च्या वर फरक असेल तर हेच चाललंय.

चोवीसवरून बारा करणारा कन्व्हर्टर लावा, पण कारच्या म्युझिक सिस्टिमचा ५ अँपिअरचा नको. ग्लो प्लगचे दहा अँपिअर सहज सोसणारा, १५ ते २० चा. किंवा सरळ २४ व्होल्टचा हीटर घ्या, मिळतो. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या. आणि मधल्या जोडावरची ती वायर कापून टाका, नुसती काढून बाजूला गुंडाळून ठेवू नका. पुढच्या वर्षी कोणीतरी पंखा लावायला तीच शोधून काढतो.